उकळूनही न जाणारे विष : पाण्यातील ‘कायमची रसायने’

पाणी निर्धोक करण्याच्या रीती आपल्या घराघरांत ठरलेल्या आहेत. फडक्याने गाळायचे, तुरटी फिरवायची, पावसाळ्यात उकळायचे, वस्तीच्या टाकीत टीसीएल पावडर टाकायची. कावीळ, जुलाब, विषमज्वर यांपासून या रीतींनी आपल्याला वाचवले आहे, म्हणून त्या कोणीही सोडू नयेत. पण या वेळी आम्ही ज्या विषाबद्दल लिहीत आहोत, त्यावर यातला एकही उपाय चालत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळले तर वाफ उडून जाते आणि हे विष पातेल्यातच राहते.

या रसायनांच्या कुटुंबाला शास्त्रज्ञ ‘पीफास’ म्हणतात. ती निसर्गात कुजत नाहीत, उन्हाने तुटत नाहीत, जिवाणू त्यांना खाऊ शकत नाहीत. म्हणून जगभर त्यांना ‘कायमची रसायने’ हे नाव पडले आहे.

ती येतात कुठून?

कार्बन आणि फ्लोरिन यांची जोडी रसायनशास्त्रातल्या सर्वांत घट्ट जोड्यांपैकी एक आहे. ही जोडी ज्या पदार्थात असते त्याला पाणी चिकटत नाही, तेल चिकटत नाही आणि उष्णतेनेही तो सहज बिघडत नाही. १९३८ मध्ये अमेरिकेत टेफ्लॉनचा शोध लागला आणि या गुणांचा व्यापार सुरू झाला. न चिकटणारा तवा, पावसात न भिजणारे जाकीट, तेल न शोषणारा खाऊचा कागद, डाग न पडणारा गालिचा, विमानतळावर आग विझवण्याचा फेस, अशा शेकडो वस्तूंमध्ये ही रसायने वापरली गेली.

तव्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. तो रिकामा तापवू नये आणि थर खरवडून निघाला की बदलावा, एवढे पुरे. मोठा धोका आहे तो कारखान्याच्या सांडपाण्याचा. ते नाल्यात गेले, जमिनीत मुरले, की विहिरी आणि बोअरमध्ये उतरते आणि तिथून हंड्यात येते.

शरीरात काय होते?

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यात पार्कर्सबर्ग गावाजवळ ड्युपाँट कंपनीचा कारखाना होता. तिथले ‘पीएफओए’ नावाचे रसायन ओहायो नदीच्या दोन्ही काठांवरच्या पिण्याच्या पाण्यात उतरले. लोक न्यायालयात गेले. तडजोडीत ठरल्याप्रमाणे सुमारे ६९ हजार लोकांच्या रक्ताची आणि आजारांची माहिती गोळा झाली. तीन शास्त्रज्ञांच्या समितीने ती वर्षानुवर्षे तपासली आणि सहा आजारांशी या रसायनाचा संभाव्य संबंध सांगितला : मूत्रपिंडाचा कर्करोग, वृषणाचा कर्करोग, थायरॉईडचे विकार, मोठ्या आतड्याला व्रण पडण्याचा आजार, कोलेस्टेरॉल वाढणे आणि गरोदरपणात रक्तदाब वाढणे. २०१७ मध्ये सुमारे साडेतीन हजार दावे ६७ कोटी १० लाख डॉलरला मिटवण्यात आले. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पीएफओएला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले.

हे विष एका घोटाने मारत नाही. ते साचत जाते. पिणे थांबवल्यावरही पीएफओएचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायला काही वर्षे लागतात. आईच्या रक्तातून ते गर्भात जाते आणि काही अंश दुधातूनही जातो. तरीही आयांनी बाळाला पाजणे थांबवू नये. आईच्या दुधाचे फायदे फार मोठे आहेत आणि डॉक्टर आजही तोच सल्ला देतात. स्वच्छ करायचे आहे ते आईला मिळणारे पाणी.

आणखी एक सावधगिरी. ‘रक्तातले विष बाहेर काढणारे’ चूर्ण किंवा काढा विकायला कोणी आले तर पैसे घालवू नका. असे सिद्ध झालेले घरगुती औषध नाही.

इटलीच्या आयांनी काय केले?

उत्तर इटलीत व्हेनेतो नावाचा प्रदेश आहे. तिथे व्हिचेंझा जिल्ह्यातल्या त्रिस्सिनो गावात मितेनी नावाचा कारखाना १९६० च्या दशकापासून ही रसायने बनवत होता. २०१३ मध्ये सरकारी संशोधकांनी केलेला अभ्यास उघड झाला आणि कळले की व्हिचेंझा, व्हेरोना आणि पादोव्हा या तीन जिल्ह्यांतल्या गावांच्या पिण्याच्या पाण्यात हे विष आहे. जमिनीखालचा पाण्याचा मोठा साठाच बिघडला होता. सुमारे साडेतीन लाख लोकांचा प्रश्न होता. लोक कित्येक वर्षे तेच पाणी पीत होते आणि कोणाला वासही आला नव्हता.

२०१७ पासून सरकारने सर्वांत बाधित भागातल्या लोकांचे रक्त तपासायला घेतले. आपल्या पोरांच्या रक्ताचे अहवाल हातात पडल्यावर आया एकत्र आल्या. त्यांनी ‘पीफास नको म्हणणाऱ्या आया’ या अर्थाची संघटना उभी केली. मुलांच्या रक्तातला आकडा छापलेले सदरे घालून त्या रस्त्यावर उतरल्या. त्यांच्यात मोठ्या पदावरच्या कोणी नव्हत्या, घर आणि नोकरी सांभाळणाऱ्या बाया होत्या. त्या रसायनशास्त्र शिकल्या, अधिकाऱ्यांच्या कचेऱ्यांत बसल्या, न्यायालयात फिर्यादी झाल्या.

२०१८ मध्ये कंपनीने दिवाळे काढले. पण खटला थांबला नाही. २६ जून २०२५ रोजी व्हिचेंझाच्या न्यायालयाने १५ पैकी ११ अधिकाऱ्यांना दोषी ठरवले. सर्वांच्या शिक्षा मिळून १४१ वर्षांच्या आहेत.

विष काढतात कसे?

व्हेनेतोतल्या लोकांना निकालाची वाट बघत बसता येत नव्हते, कारण तहान रोजची आहे. तिथे पाणीपुरवठा केंद्रावरच कोळशाचे मोठे फिल्टर बसवले गेले आणि पुढे स्वच्छ झऱ्यांचे पाणी आणणाऱ्या नव्या जलवाहिन्या टाकण्यात आल्या. जगभर यासाठी मुख्यतः तीन पद्धती वापरतात.

पहिली, सक्रिय कोळसा. नारळाच्या करवंटीपासून किंवा दगडी कोळशापासून तो तयार करतात. त्याच्या प्रत्येक कणात असंख्य बारीक छिद्रे असतात. एका ग्रॅम कोळशाची आतली जागा पसरली तर ५०० चौरस मीटरहून जास्त भरेल. पाणी त्यातून जाताना विष त्या छिद्रांच्या भिंतींना चिकटते. पण जागा भरली की कोळसा बदलावाच लागतो. नाही बदलला तर फिल्टर नुसता शोभेचा उरतो. शिवाय लांब साखळीची रसायने कोळशाला चांगली चिकटतात, आखूड साखळीची लवकर निसटतात. कंपन्यांनी जुन्या रसायनांऐवजी आखूड साखळीची नवी रसायने आणल्यापासून ही अडचण वाढली आहे.

दुसरी, रेझिनचे मणी. या बारीक मण्यांवर धन विद्युतभार असतो. पीफासचे बरेचसे रेणू पाण्यात ऋण भाराचे असतात, म्हणून ते मण्यांकडे ओढले जातात. ही पद्धत कोळशापेक्षा महाग पडू शकते, पण आखूड साखळीच्या काही रसायनांवर जास्त चालते.

तिसरी, आरओ. दाबाने पाणी अतिबारीक पडद्यातून ढकलतात आणि विष मागे राहते. ही पद्धत फार परिणामकारक आहे, पण मागे उरलेल्या पाण्यात तेच विष दाट होऊन साठते.

तिन्ही पद्धती विष नष्ट करत नाहीत, फक्त पाण्यातून उचलून दुसरीकडे ठेवतात. वापरलेला कोळसा किंवा रेझिन उकिरड्यावर टाकले तर पावसाने विष पुन्हा जमिनीत उतरते. ते फार मोठ्या उष्णतेच्या भट्टीत नीट जाळावे लागते. म्हणूनच नंतर काढण्यापेक्षा आधीच पाण्यात जाऊ न देणे हाच स्वस्त आणि खरा उपाय आहे.

किती विष चालते?

अमेरिकेने २०२४ मध्ये पीएफओए आणि पीएफओएस या दोन रसायनांसाठी प्रत्येकी एका लिटरमागे ४ नॅनोग्रॅम ही मर्यादा ठरवली. १० हजार लिटरचे ५ हजार टँकर डोळ्यांसमोर आणा. तेवढ्या पाण्यात मिळून चार थेंब, इतके हे प्रमाण बारीक आहे. युरोपने २० रसायनांची मिळून १०० नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. आपल्या देशातल्या पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, पीफाससाठी मर्यादा घातलेली नव्हती. नेहमीच्या तपासणीत क्षार, फ्लोराईड, नायट्रेट, जंतू बघतात. ‘पाणी पिण्यायोग्य’ असा शेरा आला, तरी त्यात हे विष तपासले गेले असे समजू नये.

हे आपल्याला का सांगायचे?

मितेनी बुडाल्यावर तिची यंत्रसामग्री २०१९ मध्ये लिलावात एका भारतीय रसायन कंपनीच्या उपकंपनीने घेतली. ती रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यातल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आणली गेली. तिथले पाणी बिघडले आहे असा आरोप आम्ही करत नाही. पण इटलीत जे कळायला कित्येक वर्षे गेली, ते इथे आधी तपासून घेण्याची संधी आहे. लोट्यावरून मुंबई-गोवा महामार्गाने उत्तरेला गेले की महाड लागते. पाण्यावर सर्वांचा सारखा हक्क आहे, हे बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी तिथल्या चवदार तळ्यावर दाखवून दिले. तो हक्क निर्धोक पाण्याचाही आहे.

घरात आणि वस्तीत काय करावे?

उकळणे, क्लोरीन, तुरटी यांनी जंतू आणि गढूळपणा यांचा बंदोबस्त होतो, म्हणून ते चालू ठेवा. कँडल फिल्टर आणि नुसते यूव्ही यंत्र पीफास काढत नाही. घरी आरओ असेल तर त्याची कार्ट्रिज आणि पडदा वेळेवर बदला, मागे उरलेले पाणी स्वयंपाकाला घेऊ नका. जारचे पाणी थंड आहे म्हणून शुद्ध आहे असे नाही. त्यामागे कोणता फिल्टर आहे आणि तो कधी बदलला, हे विचारा.

पण प्रत्येक झोपडीत आरओ हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे. ज्याच्याकडे पैसे त्यालाच निर्धोक पाणी, असे होऊन चालणार नाही. फिल्टर बसायला हवा तो वस्तीच्या टाकीवर, आणि खर्च घ्यायला हवा तो विष सोडणाऱ्याकडून. अमेरिकेत २०२३ मध्ये ‘थ्री-एम’ कंपनीला सार्वजनिक पाणीपुरवठा संस्थांसाठी किमान १० अब्ज ३० कोटी डॉलर देणे कबूल करावे लागले, ते याच तत्त्वाने.

ज्यांची वस्ती एमआयडीसीजवळ, रासायनिक नाल्याच्या काठी किंवा विमानतळाशेजारी आहे, त्यांनी पाणीपुरवठा विभागाकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे माहितीच्या अधिकारात तीन प्रश्न विचारावेत : आमच्या पाण्यात पीफासची तपासणी केली का? केली असल्यास केव्हा, कुठे आणि आकडे काय आले? जवळच्या कोणत्या कारखान्यांत ही रसायने बनतात किंवा वापरली जातात? अर्जाचे शुल्क १० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाही. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. गावात राहणाऱ्यांनी ग्रामसभेत हाच विषय मांडून ठराव करून घ्यावा. नमुना घेताना प्रयोगशाळेने दिलेल्या बाटलीतच घ्यावा, कारण चुकीच्या झाकणामुळेही आकडा बिघडतो.

अर्जावर घरातल्या बायांच्या सह्या आधी घ्या. पाणी भरणाऱ्या त्याच असतात, पोरांच्या दुखण्याखुपण्याला रात्री जागणाऱ्याही त्याच. अर्जाची पोच जपून ठेवा आणि आलेले उत्तर विहारात किंवा समाजमंदिरात सर्वांसमोर वाचून दाखवा.