कलम कोणतं लावायचं?

‘हेलो २’ या गेमची सुरुवात लढाईने होत नाही, खटल्याने होते. बंजी या अमेरिकी कंपनीने नोव्हेंबर २००४ मध्ये एक्सबॉक्सवर आणलेला हा गेम. परग्रहवासीयांचं ‘कॉव्हेनंट’ नावाचं धर्मसाम्राज्य, त्याची राजधानी ‘हाय चॅरिटी’, गच्च भरलेलं सभागृह. उंचावर तरंगत्या आसनांवर बसलेले ‘ट्रुथ’, ‘मर्सी’ आणि ‘रिग्रेट’ असे तीन धर्मगुरू, आणि खाली एकटा उभा आरमाराचा सरसेनापती. त्याच्या देखरेखीखालचं ‘हेलो’ नावाचं पवित्र कडं माणसांनी उडवून दिलं, हा त्याचा गुन्हा.

या प्रसंगात एक बारीक जागा आहे. धर्मगुरू आधी या प्रकाराला अपयश म्हणतात. मोठं, लांच्छनास्पद, पण अपयशच. तेवढ्यात सभेतून कोणीतरी ओरडतं, हे अपयश नव्हे, हा धर्मद्रोह आहे. सभा पेटते आणि निकाल त्याच शब्दावर लागतो. रणांगणावर हरलेल्या सेनापतीला फार तर पदावरून काढता येतं. धर्मद्रोह्याला मात्र तापल्या लोखंडाने डागता येतं, त्याची धिंड काढता येते. डागण्याचं काम ब्रूट जमातीच्या टार्टारस या सरदाराकडे जातं. सेनापती एलीट जमातीचा, आणि या दोन जमातींमधून विस्तव जात नाही. पुढे ट्रुथ एलीटांकडून पहारा काढून ब्रूटांच्या हाती देतो, तेव्हा या डागण्यामागचा हिशेब उलगडतो. दुसरा हिशेब त्याहून जुना आहे. देवांनी दिलेली वस्तू माणसं फोडू शकत असतील तर धर्मगुरूंच्या गादीखाली उरलं काय? तेव्हा वस्तू फुटली ती कोणाच्या तरी पापामुळेच, असं ठरणं भाग होतं.

कुर्डुवाडीच्या रेल्वे कॉलनीत वाढलेला माझा भाचा हा गेम लॅपटॉपवर खेळतो. हा प्रसंग त्याने मला दोनदा दाखवला आणि विचारलं, ‘‘मामा, असं खरंच कधी झालंय का?’’ मॉस्कोचे १९३६ ते १९३८ चे खटले आठवण्याआधी मला सोलापूर आठवलं. कुर्डुवाडीहून तासा-दीड तासावरचं.

सोलापूरची गोष्ट महाराष्ट्राला ‘मार्शल लॉ’ या दोन शब्दांनी माहीत आहे. ६ एप्रिल १९३० रोजी इथल्या नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज लागला. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली आणि गिरण्यांचं हे गाव उसळलं. ८ मे रोजी रूपाभवानीकडे शिंदीची झाडं तोडणाऱ्यांची धरपकड झाली, जमाव चालून आला, गोळीबार झाला, शंकर शिवदारे हा तरुण पडला. कलेक्टर नाइट जमावाच्या तावडीत सापडला होता, मल्लप्पा धनशेट्टींनी लोकांना आवरलं म्हणून तो वाचला, असं सोलापुरात आजही सांगतात. त्याच दिवशी मंगळवार पेठेच्या पोलीस चौकीवर जमाव गेला आणि दोन शिपाई मारले गेले. कोर्टाच्या इमारतीला आग लागली. पोलीस शहर सोडून गेले. ९, १० आणि ११ मे हे तीन दिवस रामकृष्ण जाजू आणि काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी शहराची व्यवस्था पाहिली.

हे तीन दिवस सरकारच्या जिव्हारी लागले. त्या वसंतात साम्राज्याला एकामागून एक धक्के बसत होते. १८ एप्रिलला चितगावचं शस्त्रागार लुटलं गेलं. २३ एप्रिलला पेशावरमध्ये चंद्रसिंग गढवालींच्या शिपायांनी निःशस्त्र लोकांवर गोळी झाडायला नकार दिला. पेशावर काही दिवस सरकारच्या हाती नव्हतं, आणि आता सोलापूर. पेशावर सरहद्दीवरचं, तिथले पठाण लढवय्ये, अशी समजूत लंडनला घालता येत होती. मुंबई इलाख्यातल्या, लोहमार्गावरच्या, कापडाच्या गावाबद्दल काय सांगायचं? देशी शिपायाने सरकारसाठी लाठी उगारायची आणि जमावाने त्याला मारलं तर सरकारने गप्प बसायचं, असं एकदा दिसलं असतं तर चौकीचौकीतला शिपाई विचारात पडला असता. मंगळवार पेठेतल्या दोन शिपायांच्या मृत्यूचा हिशेब चुकता करणं ही न्यायाची बाब होतीच. त्याहून जास्त ती उरलेल्या पोलिसांना धीर देण्याची बाब होती, असं मला वाटतं.

१२ मे रोजी लष्करी कायदा लागला आणि जूनअखेरपर्यंत राहिला. गांधी टोपी घालून रस्त्यावर यायची चोरी झाली. ‘कर्मयोगी’चे संपादक रामभाऊ राजवाडे यांच्यासारख्यांना लष्करी न्यायालयांनी झटपट शिक्षा ठोठावल्या. व्हाइसरॉयने त्या वर्षी वटहुकुमांची माळच लावली होती. तिसरा वटहुकूम भगतसिंग आणि त्यांच्या साथीदारांच्या खटल्यासाठी लाहोरचं खास न्यायाधिकरण नेमणारा, आणि त्याच्या पाठोपाठ चौथा सोलापूरच्या लष्करी कायद्याचा. लाहोर आणि सोलापूर सरकारी कागदांत असे एकापुढे एक आहेत, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही.

लष्करी कायदा लावताना सरकारचं म्हणणं होतं की शहरात नेहमीचं राज्य उरलेलं नाही, जवळपास युद्धाचीच स्थिती आहे. ही गरज खरोखर होती का, हे न्यायालयाला तपासता येतं की नाही, असा प्रश्न चनाप्पा शांतिरप्पा या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. मुख्य न्यायमूर्ती ब्यूमाँट यांनी न्यायालयाला तो अधिकार असल्याचं मानलं. कायद्याचे विद्यार्थी हे प्रकरण आजही वाचतात.

पण धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांवर जो खटला चालला त्यात युद्धाचं नावही नव्हतं. तो मंगळवार पेठेतल्या त्या दोन शिपायांच्या साध्या खुनाचा खटला होता. सत्र न्यायालयात चालला, उच्च न्यायालयाने फाशी कायम केली, सगळं रीतसर. शहर ताब्यात घ्यायचं तेव्हा युद्ध आणि माणसं लटकवायची तेव्हा फौजदारी गुन्हा, अशी ही सोय होती. युद्ध म्हटलं की समोरचा शत्रू ठरतो, आणि शत्रूला प्रतिष्ठा असते. खुनी म्हटलं की तो फक्त गुन्हेगार.

हा शहाणपणा सरकारला अनुभवातून आला असावा. १९०८ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचं कलम लावलं तेव्हा सरकारने राजकारण स्वतःच कोर्टात आणलं होतं. न्यायमूर्ती दावर, सात युरोपियन आणि दोन पारशी ज्युरर, सात विरुद्ध दोन असा कौल आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा. पण टिळकांनी दिवसचे दिवस स्वतःची बाजू मांडून पिंजऱ्याचं व्यासपीठ केलं, आणि निकालानंतर मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या. राजद्रोहाच्या आरोपीला भाषण करता येतं. खुनाच्या आरोपीला मात्र उलटतपासणीत सांगावं लागतं की त्या दिवशी दुपारी तो कुठे होता.

शिवाय जमाव पिंजऱ्यात उभा करता येत नाही, नावं लागतात. सोलापुरात नावं कोणाची होती? धनशेट्टी आणि शिंदे काँग्रेसच्या कामातले, लोक ज्यांचं ऐकत, असे. सारडा मारवाडी समाजातले कार्यकर्ते. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ या पत्राचे तरुण संपादक. लिंगायत, मराठा, मारवाडी, मुसलमान. सोलापूरच्या पेठांमधून फिरलं की जे गाव दिसतं, तेच या चार नावांत आहे. सरकारने समाज मोजून माणसं निवडली असं म्हणायला पुरावा नाही, आणि मी तसं म्हणणार नाही. पण चौघेही शहराला नावानिशी ठाऊक होते, हे नजरेआड करता येत नाही. पुढे १९४५ मध्ये लाल किल्ल्यात शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लन या आझाद हिंद सेनेच्या तीन अधिकाऱ्यांना एकत्र उभं केलं, तेव्हा एक मुसलमान, एक हिंदू, एक शीख असा देशच आरोपी झाला आणि डाव सरकारवर उलटला. जन्मठेपेची शिक्षा माफ करावी लागली. तिथे मुख्य कलम सम्राटाविरुद्ध युद्ध पुकारल्याचं होतं. सोलापूरची युक्ती दिल्लीत विसरले होते बहुधा.

१२ जानेवारी १९३१ रोजी चौघांना येरवड्यात फाशी दिली. लंडनमध्ये तेव्हा पहिली गोलमेज परिषद आटोपत आली होती, ती १९ तारखेला संपली. २६ जानेवारीला गांधीजी सुटले. एकीकडे समेटाची भाषा सुरू होती आणि दुसरीकडे ही घाई. समेट झाल्यावर फाशी देणं अवघड गेलं असतं, असा तर्क कोणीही करील. मला तो अर्धाच पटतो. भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांची फाशी समेटानंतरही थांबली नाही. २३ मार्चला ती झालीच.

गेमकडे परत गेलं तर उलटी चाल दिसते. तिथे लष्करी अपयशाचं पाप केलं, इथे बंडाचा खून केला. तिथे आरोप फुगवला, कारण धर्मगुरूंना भक्त घाबरवायचे होते. इथे तो आकसवला, कारण सरकारला लंडनच्या सभागृहात सांगायचं होतं की हिंदुस्थानात राजकीय कैद्यांना फाशी दिली जात नाही, फक्त खुन्यांना दिली जाते. कलम बघून सत्तेला कशाची भीती वाटते ते ओळखता येतं. धर्मगुरूंना संशयाची वाटत होती, सरकारला त्या तीन दिवसांची.

एक फरक मात्र भाच्याला सांगितला. गेममधल्या सेनापतीला मारत नाहीत. ट्रुथ आणि मर्सी त्याला आत बोलावून ‘आर्बिटर’ करतात, जीव जाईल अशा कामगिरीवर पाठवतात, आणि पहिली कामगिरी कोणती? धर्मगुरूंना खोटं म्हणणाऱ्या दुसऱ्या एका एलीटचा काटा काढायची.

इकडे ५ मार्चच्या गांधी-आयर्विन करारात सत्याग्रही कैदी सोडायचं ठरलं. हिंसेच्या गुन्ह्यातले त्यातून वगळले होते. फाशीला तोवर ५२ दिवस झाले होते. पण धनशेट्टी, शिंदे, सारडा आणि कुर्बान हुसेन त्या दिवशी कोठडीत जिवंत असते, तरी त्यांच्यावर लावलेल्या कलमामुळे ते या यादीत बसले नसते.