हसे आणि हसू

मराठीत ‘हसू’ आणि ‘हसे’ असे दोन शब्द आहेत. शेवटच्या स्वराचा काय तो फरक. परंतु हसू येते तेव्हा मन हलके होते, आणि हसे होते तेव्हा मान खाली जाते. पहिल्यात सारे एका पंक्तीला बसलेले असतात. दुसऱ्यात कोणाला तरी पंक्तीतून उठविलेले असते. तृतीयपंथी माणसांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या हसेच आले.

आश्चर्य असे की, स्त्रीवेष घेतलेल्या पुरुषाचे महाराष्ट्राला कधी वावडे नव्हते. बालगंधर्वांच्या लुगड्याची व केशरचनेची तऱ्हा घरंदाज स्त्रियांनी उचलली. मात्र वेष तोच असला तरी मान सारखा नव्हता. कोल्हापूरचे गणपत पाटील यांनी तमाशापटांतील नाच्या अजरामर केला; पण सोंगालाच माणूस समजून लोकांनी त्यांना खासगी आयुष्यातही टोमण्यांनी बेजार केले. ते तर संसारी गृहस्थ होते. मग ज्यांचे ते सोंग नसून आयुष्यच आहे, त्यांची काय कथा?

या हशाला कायद्याचीही जोड होती. उत्तर हिंदुस्थानात प्रथम लागू झालेल्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संशयित हिजड्यांची नोंदवही ठेवण्याची तरतूद केली, आणि नोंद झालेल्याने स्त्रीवेषात रस्त्यावर नाचणे-गाणे हा गुन्हा ठरविला. पुढे स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांच्या स्वतंत्र ओळखीस मान्यता दिली. त्या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनीही बाजू मांडली होती. ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ हे त्यांचे आत्मकथन २०१२ साली निघाले. जो शब्द शिवी म्हणून फेकला जाई, तोच त्यांनी उचलून पुस्तकाच्या कपाळी लावला. शिवीची धार बोथट करण्याचा याहून सोपा उपाय नाही.

हाच उपाय आता हातातल्या फोनवरून नित्य चालतो. अनेक तृतीयपंथी आपल्या दिनक्रमातील गमती चित्रफितींतून सांगतात: भाड्याची खोली शोधताना मालकाचा उडालेला गोंधळ, लग्नघरातील आत्याबाईंची कुजबुज. ‘तुम्ही लहानपणापासूनच अशा का हो?’ या प्रश्नाला ‘आणि तुम्ही लहानपणापासूनच इतके चौकस का हो?’ अशा थाटाचे उत्तर दिले की हसे प्रश्नकर्त्याचे होते, आणि हसू सर्वांना येते.

हे हत्यार जगातील अनेक गांजलेल्यांच्या परिचयाचे आहे. हैफा शहरीचा पॅलेस्टिनी लेखक एमिल हबीबी याने १९७४ साली आपल्या कादंबरीत ‘आशावादी’ व ‘निराशावादी’ यांचे अरबी शब्द जोडून एक नवाच विनोदी शब्द घडविला. आपल्याच भूमीत परका ठरलेला त्याचा नायक दुःख सांगतो ते हसवीत. तू कोण, असे ज्याला वारंवार विचारले जाते, त्याच्यापाशी विनोद हीच पहिली ओळखपत्रिका असते.

तथापि केवळ विनोदाने चूल पेटत नाही. म्हणून मुळा-पवनेच्या काठची सांगवी ज्या पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत येते, तिने २०२२ साली टाकलेले पाऊल महत्त्वाचे आहे. सुरक्षारक्षक, उद्यानांची निगा आणि ग्रीन मार्शल पथक या कामांवर तिने तृतीयपंथीयांना नेमले. ग्रीन मार्शलचे काम म्हणजे रस्ता घाण करणाऱ्यास दंड करणे. ज्यांना पाहून सभ्य गृहस्थ गाडीची काच वर करीत, त्यांच्याकडूनच रस्त्यावर थुंकल्याची पावती घेण्याची पाळी त्याच गृहस्थांवर यावी, यापरता निर्मळ विनोद कोणता? यात हसे झालेच तर थुंकणाराचे होते, आणि तेही त्याच्या करणीने, जन्माने नव्हे.

घरात मुले एखाद्या वर्गबंधूच्या चालण्याची नक्कल करून हसतात, तेव्हा हाच भेद त्यांना समजावून द्यावा. ज्याची नक्कल चालली आहे तो समोर येऊन बसला, तर ते हसे टिकेल की हसू होईल, एवढेच विचारावे. चांगल्या विनोदावर आपण म्हणतो, ‘दे टाळी!’ रस्त्यावरच्या तृतीयपंथीयाची टाळी ऐकून मात्र आपण अंग चोरतो. दोन्ही टाळ्यांना दोनच हात लागतात. पण पहिलीत दुसरा हात शेजाऱ्याचा असतो. तो हात पुढे करणे आता आपल्याकडे आहे.