‘काय काम करता?’ या प्रश्नाची ४८ कोटी उत्तरं

भारताच्या २०११ च्या जनगणनेत काम करणाऱ्या माणसांची संख्या भरली ४८ कोटी १७ लाख. हा आकडा वाचायला दोन सेकंद लागतात. पण यातल्या एकेका माणसाचं काम सेकंदाला एक या वेगाने वाचायला घेतलं, म्हणजे शेतकरी, शेतमजूर, गवंडी, परिचारिका, विणकर असं न थांबता, न झोपता वाचत राहिलं, तर यादी संपायला सव्वापंधरा वर्षं लागतील. अमेरिका आणि जपान या दोन देशांची २०१० च्या जनगणनेतली सगळी लोकसंख्या, तान्ह्या मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, एकत्र केली तरी ती पावणेचव्वेचाळीस कोटींच्या आतच राहते. आपल्याकडे नुसती काम करणारी माणसंच त्यांच्यापेक्षा साडेचार कोटींनी जास्त.

एवढ्या माणसांना ‘तुम्ही काय करता?’ असं विचारायचं आणि उत्तर लिहून घ्यायचं, हे काम देशाने २० दिवसांत केलं. ९ ते २८ फेब्रुवारी २०११ या काळात प्रगणक आणि पर्यवेक्षक मिळून सुमारे २७ लाख लोक दारोदार फिरले. त्यांत मोठा भरणा शिक्षकांचा होता. छापलेले नमुने ३४ कोटी, भाषा १६. १२१ कोटी लोकसंख्येला या २७ लाखांनी भागलं की माणशी सुमारे ४५० जण येतात, म्हणजे दिवसाला बावीस-तेवीस. देशाचा अवाढव्य आकडा असा खाली उतरवला की तो एका गुरुजींच्या किंवा बाईंच्या आवाक्यात येतो. गल्लीतली चार-पाच घरं, ओट्यावर टेकून लिहिलेल्या चार ओळी आणि पुढचं दार.

माझं म्हणणं या ओळींविषयी आहे. देशाच्या अर्थकारणाचं चित्र कोट्यवधींच्या आकड्यांतून दिसत असलं, तरी ते उभं असतं दारात विचारलेल्या एका प्रश्नावर. प्रश्न जरासा बदलला की कोट्यवधी माणसं आकड्यांत येतात किंवा आकड्यांतून जातात.

पहिली चाळणी चारच भोकांची आहे : शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातले आणि इतर. २०११ मध्ये शेतकरी ११ कोटी ८८ लाख, शेतमजूर १४ कोटी ४३ लाख, घरगुती उद्योगात १ कोटी ८३ लाख आणि ‘इतर’ २० कोटी ४ लाख. आपले शेतमजूर रशियाच्या २०१० च्या सगळ्या लोकसंख्येहून थोडे जास्त भरतात. ‘इतर’ या एका शब्दात मावलेली माणसं ब्राझीलच्या त्याच वर्षीच्या लोकसंख्येहून जवळपास एक कोटीने अधिक आहेत.

याच चार आकड्यांत एक मोठी उलथापालथ दिसते. २००१ मध्ये देशात शेतकरी १२ कोटी ७३ लाख होते आणि शेतमजूर १० कोटी ६८ लाख. दहा वर्षांत शेतकरी सुमारे ८५ लाखांनी घटले, मजूर पावणेचार कोटींनी वाढले. स्वतः कसणाऱ्यांपेक्षा दुसऱ्याच्या रानात राबणारे जास्त झाले. महाराष्ट्रातही २००१ मध्ये शेतकऱ्यांचं पारडं जड होतं. २०११ मध्ये शेतकरी सव्वा कोटी आणि शेतमजूर १ कोटी ३४ लाखांच्या वर, असा पालट झाला. गावोगावी जे कानावर येत होतं, ते या दोन रकान्यांनी मोजून दाखवलं.

पण शेतकरी कोण आणि मजूर कोण, हे ठरतं कसं? सातबाऱ्यावर नाव असणं पुरेसं नाही. जमीन खंडाने किंवा वाट्याने देऊन टाकली आणि शेतीच्या देखरेखीतही भाग घेतला नाही, तर जनगणनेच्या लेखी तो शेतकरी नव्हे. उलट नावावर गुंठाही नसलेला, पण वाट्याने जमीन घेऊन स्वतः कसणारा, नफ्यातोट्याची जोखीम अंगावर घेणारा माणूस शेतकरी. जोखीम मालकाची आणि हाताला फक्त मजुरी, मग ती पैशात असो की धान्यात, तर शेतमजूर.

कोकणात आणि गोव्यात यायचं तर नियम आणखी बारीक होतो. भात लावणारा शेतकरी, आंब्याची बाग राखणाराही शेतकरी. पण नारळ आणि सुपारी, चहा, कॉफी व रबर यांच्यासारखीच, मळ्याच्या पिकांत धरली जातात. म्हणून माडा-पोफळीच्या बागायतीत राबणारा माणूस ‘इतर’ रकान्यात जातो. एकाच घराच्या पुढे भाताची खाचरं आणि मागे पोफळीची बाग असेल, तर वर्षभरात त्या माणसाचा जास्त वेळ कुठे गेला, त्यावर त्याचा रकाना ठरायचा.

घरगुती उद्योगाचीही अशीच रेघ आहे. सोलापुरात घरी बसून विड्या वळणारी बाई घरगुती उद्योगातली. तीच बाई कारखान्याच्या शाखेत जाऊन वळू लागली की ‘इतर’. शहरात हा उद्योग घराच्या आवारातच चालायला हवा, खेड्यात गावाच्या हद्दीत चालला तरी भागतं. कुंभार मडकी घडवतो आणि विकतो, म्हणून तो घरगुती उद्योगात. तीच मडकी आणून नुसती विकणारा मात्र व्यापारी, म्हणजे ‘इतर’. धोबी आणि न्हावी घरातूनच धंदा करत असले तरी तेही ‘इतर’च.

या ‘इतर’च्या पोटात गेल्यावर खरा विस्तार कळतो. इथे प्रत्येकाला दोन वेगळ्या गोष्टी विचारल्या जातात : तुम्ही स्वतः काय करता, आणि तुम्ही जिथे काम करता तिथे काय होतं. पहिल्याने व्यवसाय कळतो, दुसऱ्याने उद्योग. साखर कारखान्यातला ड्रायव्हर आणि एसटीचा ड्रायव्हर यांचा व्यवसाय एक, पण पहिला साखर उद्योगात आणि दुसरा प्रवासी वाहतुकीत मोजला जातो. नुसतं ‘कंपनीत आहे’ किंवा ‘नोकरी करतो’ असं उत्तर आलं, तर त्या माणसाचा उद्योग शोधायला काही धागाच उरत नाही.

उत्तर नीट आलं की त्याला राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणाचा सांकेतांक लागतो. या वर्गीकरणाची २००८ ची आवृत्ती २१ विभागांत सुरू होते. त्यांचे ८८ प्रभाग, २३८ गट, ४०३ वर्ग आणि शेवटी १,३०४ उपवर्ग होतात. उसाचं एक कांडं धरून चाललं तरी या पसाऱ्याचा अंदाज येतो. ऊस लावणारा शेतकरी, तोडणारा शेतमजूर. तो वाहून नेणारा ४९ क्रमांकाच्या प्रभागात, जमिनीवरच्या वाहतुकीत. साखर कारखाना आणि कोल्हापूरचं गुऱ्हाळ दोघंही १०७२ या वर्गात. पाचव्या अंकावर मात्र साखरेला १०७२१ मिळतो आणि गुळाला १०७२२. त्याच उसाचा रस काढून बर्फ घालून विकणारा रसवंतीवाला ५६ व्या प्रभागात, खाणंपिणं पुरवणाऱ्यांत. शेतातून निघालेला एकच ऊस, आणि त्यावर जगणारी माणसं देशाच्या हिशेबात इतक्या दूरदूरच्या खात्यांवर नोंदली जातात.

शेतकरी आणि शेतमजूर वगळले तर २०११ मध्ये असा सांकेतांक लागणारी माणसं उरतात २१ कोटी ८७ लाख. समजा, एकाच कारकुनाने त्यांच्या उद्योगाचं हाताने लिहिलेलं वर्णन वाचून प्रत्येकी दहा सेकंदांत सांकेतांक लावायचा, दिवसाला आठ तास, वर्षाला तीनशे दिवस. त्याला २५३ वर्षं लागतील. २०११ मध्ये काम संपवायचं, तर त्याला पानिपतच्या लढाईच्या तीन वर्षं आधीच टेबलाशी बसावं लागलं असतं. प्रत्यक्षात हे काम नमुन्यांचं स्कॅनिंग, अक्षरं ओळखणारी संगणक प्रणाली आणि पडद्यावर वर्णन वाचून सांकेतांक निवडणारे कर्मचारी यांनी मिळून पार पाडलं.

संगणक नसतानाही हा उद्योग चालायचाच. १९०१ मध्ये हिंदुस्थानच्या २९ कोटींहून अधिक लोकांची माहिती माणशी एक अशा चिठ्ठ्यांवर उतरवली गेली आणि त्या चिठ्ठ्या हातांनी खणाखणांत वाटून मोजल्या गेल्या. धंद्यांचे तेव्हा ५२० गट होते. एवढे बारीक गट की मोजणाऱ्यांचा जीव मेटाकुटीला यावा, आणि एका प्रांताचा हिशेब दुसऱ्याशी जुळणं कठीण व्हावं. म्हणून १९११ मध्ये जनगणना आयुक्त ई. ए. गेट यांनी फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियों यांची पद्धत स्वीकारली आणि ५२० चे १६९ गट केले. मृत्यूच्या कारणांचं जे वर्गीकरण आज जगभरची रुग्णालयं वापरतात, त्याचं मूळही याच बर्तियोंच्या यादीत आहे.

गट किती करायचे हा प्रश्न असा सुटत गेला. कोणाला ‘काम करणारा’ म्हणायचं, हा मात्र त्याहून कितीतरी भारी प्रश्न आहे.

१९६१ च्या जनगणनेत देशात काम करणाऱ्या स्त्रिया ५ कोटी ९४ लाख होत्या. १९७१ मध्ये त्या झाल्या ३ कोटी १३ लाख. याच दहा वर्षांत स्त्रियांची लोकसंख्या पाच कोटींनी वाढली होती. मग २ कोटी ८० लाख कामकरी स्त्रिया गेल्या कुठे? हा आकडा १९६१ मधल्या सबंध महाराष्ट्राच्या लोकसंख्येच्या सत्तर टक्के भरतो. काही ठिकाणी कामं खरोखर गेली असतील. पण मोठा फरक प्रश्नाने केला. १९६१ मध्ये हंगामाचा बराचसा काळ रोज तासाभराहून जास्त नियमित काम केलेलं असलं, तरी ती व्यक्ती कामगार धरली जाई. १९७१ मध्ये आधी विचारलं गेलं, ‘मुख्य काम कोणतं?’ आणि बाईचं मुख्य काम म्हणजे घर, हे उत्तर घरातल्या सगळ्यांच्या ओठांवर तयारच होतं.

१९८१ मध्ये प्रश्न पुन्हा बदलला : गेल्या वर्षात कधीही काही काम केलंत का? काम करणाऱ्या स्त्रियांची संख्या सहा कोटींच्या वर गेली. १९९१ मध्ये शेतावर किंवा घरच्या धंद्यात बिनमोबदला केलेलं कामही यात येतं, हे प्रश्नातच घातलं गेलं. २००१ पासून फक्त घरच्या वापरासाठी दूध काढणं, जनावरं सांभाळणं हेही काम धरलं जाऊ लागलं. २०११ मध्ये काम करणाऱ्या स्त्रियांची संख्या १५ कोटींच्या जवळ पोचली.

तरीही दारातला संवाद बहुतेकदा असाच होतो.

“वहिनी काय करतात?”

“काही नाही, घरीच असते.”

आणि त्या वहिनी पहाटे म्हशीची धार काढून, दुपारी खुरपणी करून आलेल्या असतात. प्रगणकाने तिथेच थांबून ‘गुरांचं कोण बघतं? रानात कोण जातं?’ असं विचारलं, तर ती बाई कामगारांत जाते. नाही विचारलं, तर घरकाम करणाऱ्यांत. २०११ मध्ये घरकाम हेच मुख्य काम म्हणून १५ कोटी ९८ लाख स्त्रियांची नोंद झाली आणि अवघ्या ५८ लाख पुरुषांची. स्वयंपाक, धुणी, लेकरांचं-म्हाताऱ्यांचं करणं हे या व्याख्येत ‘काम’ नाही. ही व्याख्या मला आजही अन्यायाची वाटते. पण निदान व्याख्येत बसतं तेवढं तरी तिच्या नावावर चढायलाच हवं.

ऊसतोडणीच्या फडावर हे फार स्पष्ट दिसतं. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ असतो, उचलही जोडप्याला मिळून. जनगणनेच्या नमुन्यात मात्र त्या दोघांना दोन स्वतंत्र ओळी आहेत. फेब्रुवारीत हंगाम ऐन भरात असतो आणि नियम असा की त्या वीस दिवसांत माणूस जिथे राहतो तिथे मोजायचा. म्हणून बीडचं जोडपं कोल्हापूर-सांगलीच्या फडावरच्या कोपीतच मोजलं गेलं पाहिजे, आणि दोघांचंही काम लिहिलं गेलं पाहिजे. तिथवर प्रगणक पोचला नाही, तर मूळ गावच्या बंद घरापाशी त्यांची नोंद होणार नाही.

एखाद्याला वाटेल, एवढ्या पसाऱ्यात एक टक्का इकडेतिकडे झालं तर काय बिघडलं? ४८ कोटींचा एक टक्का म्हणजे ४८ लाख. गोव्याची लोकसंख्या २०११ मध्ये साडेचौदा लाख होती. म्हणजे तीन अख्खे गोवे आणि वर काही लाख माणसं चुकीच्या रकान्यात. कुठे किती विणकर, किती बांधकाम मजूर, किती मच्छीमार, हे सांगणारा एवढा मोठा दस्तऐवज दुसरा नाही. कल्याणकारी योजना, प्रशिक्षण, मजुरांच्या मंडळांचे अंदाज हे सगळं कुठेतरी याच आकड्यांना टेकतं.

२०२१ ची जनगणना झाली नाही. आता १ मार्च २०२७ हा पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिवस ठरला आहे, आणि या वेळी नोंदी कागदाऐवजी मोबाइलवर होतील. सोळा वर्षांत मोबाइलवरून जेवण पोचवणारे, ॲपवर गाडी चालवणारे असे लाखो लोक नव्याने आले आहेत. त्यांनाही ‘स्वतः काय करता’ आणि ‘तिथे काय होतं’ या त्याच दोन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतील. यंत्र कितीही चांगलं असलं तरी ते दारात सांगितलेलंच नोंदवणार. म्हणून प्रगणक आले की त्यांना दहा मिनिटं द्या. ‘नोकरी’ म्हणून थांबू नका. कुठे, तिथे काय बनतं किंवा काय चालतं, आणि तुमच्या हातात कोणतं काम आहे, तिन्ही सांगा. घरातल्या बायकांना स्वतः बोलू द्या. वर्षातले दोनच महिने रानात गेल्या असतील तरी ते सांगू द्या. ४८ कोटींच्या पुढच्या आकड्यात तुमच्या घराच्या वाट्याला येणाऱ्या ओळी तेवढ्याच आहेत, आणि त्या खऱ्या उतरणं सर्वस्वी तुमच्या हातात आहे.