नाकाचे वावडे

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. वैद्यकी आमचा प्रांत नव्हे. परंतु शिवाजी पेठेत रोज सकाळी शिंका देत कामावर जाणारे अनेक सोबती आम्ही पाहिले. लोक तिला सर्दी म्हणतात. पुष्कळदा ते वावडे असते.

ज्या शरीराने धुळीशी आधीच वैर धरले आहे, त्याच्या नाकात ती शिरली की अस्तरातील मास्ट पेशी हिस्टामीन हे द्रव्य सोडतात. त्याने बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती पाटाच्या सैल बांधासारख्या पाझरतात. अस्तर सुजते, नाक वाहते. मज्जातंतू डिवचले की शिंका. काही तासांनी ल्यूकोट्राइन्ससारखी द्रव्ये नाक चोंदवतात.

हिस्टामीनला अडविणाऱ्या औषधांचा पाया घालणारे डॅनियल बोव्हे यांना १९५७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण जुन्या गोळ्यांनी झोप येते. अशीच गोळी घेऊन आमचा एक सोबती रात्रपाळीला लेथवर उभा राहिला, डुलकी लागली, बोट गेले. कारखान्याने त्याला निष्काळजी ठरविले. तेव्हा मंडळी, यंत्रावर काम असल्याचे डॉक्टरांना आधी सांगा. फारशी झोप न आणणाऱ्या गोळ्या आता मिळतात. आणि धूळ आवरणे हे मालकाचे कर्तव्य, हे विसरू नका.