वजन, हसू, मान
पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन उतरतं. सात ते दहा टक्क्यांपर्यंतची घट साधारण दोन आठवड्यांत भरून निघते. घरची मंडळी इथेच घाबरून वरचं दूध सुचवतात. त्याऐवजी अंगावरचं पुन्हापुन्हा पाजा, आणि घट जास्त असेल तर डॉक्टरांना दाखवा. पुढे रोज 20 ते 30 ग्रॅम वाढ होते, पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्मवजन दुप्पट. दीड-दोन महिन्यांत बाळ चेहरा पाहून हसतं, चौथ्यापर्यंत मान धरतं, सहाव्यापर्यंत पालथं पडतं. शेजारच्या बाळाशी तुलना नकोच. अंगणवाडीच्या वाढीच्या तक्त्यावरची रेष चढती आहे ना, ते पाहा. मुदतीआधी जन्मलेल्यांचं वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावं. तीन महिन्यांनंतरही बाळ नजर देत नसेल किंवा मोठ्या आवाजाला दचकत नसेल, तर तपासणी लगेच करून घ्या.