शिलकीच्या सालातले थकलेले देणे

डिसेंबर 2008 मध्ये आंबेगावचे आमदार दिलीप वळसे-पाटील यांच्याकडे महाराष्ट्राचे अर्थ खाते आले, तेव्हा राज्य सलग तिसऱ्या वर्षी महसुली शिलकीत होते. त्यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पाचे 2009-10 हे साल संपले, तेव्हा मात्र हिशेबात सुमारे 8,000 कोटी रुपयांची महसुली तूट होती. साल संपण्यापूर्वीच ते विधानसभेचे अध्यक्ष झाले होते. शिलकीचे श्रेय आधीचे अर्थमंत्री जयंत पाटील यांना आणि तुटीचा दोष वळसे-पाटील यांना देणे सोपे आहे. परंतु राज्याचे जमाखर्च वर्षवार लावून पाहिले, तर दोन्हींचा बराचसा खुलासा 1 जानेवारी 2006 या एका तारखेत सापडतो.

महसुली तूट म्हणजे कर, शुल्क आणि केंद्राकडून आलेला वाटा यांतून वेतन, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदाने असा चालू खर्च न भागणे. जुन्नर-आंबेगावातील माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांसारख्या बांधकामावरचा खर्च भांडवली असल्याने या तुटीत येत नाही, परंतु त्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज येते. 1996 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाने राज्याच्या हमीवर कर्जरोखे विकून उभारलेल्या पैशाचे ओझे पुढे तिजोरीवरच आले, आणि इतर कारणांची भर पडून 2004-05 ची महसुली तूट 10,000 कोटींवर गेली.

तेथून तीन वर्षांत 2007-08 ची शिल्लक 14,800 कोटींपर्यंत कशी पोहोचली, याची नेहमीची उत्तरे खोटी नाहीत. एप्रिल 2005 पासून मूल्यवर्धित कर लागू झाला. जमीन-घरांच्या तेजीने मुद्रांक शुल्क वाढले. बाराव्या वित्त आयोगाने केंद्राच्या कर्जातील सवलत महसुली तूट घटवण्याशी जोडली. आणि राज्याने 2005 मध्ये राजकोषीय उत्तरदायित्वाचा कायदा करून स्वतःला बांधून घेतले. यांपैकी तेजीचा वाटा मोठा होता, आणि तेजी कोणत्याही अर्थमंत्र्याच्या हातची नसते.

या उत्तरांत न येणारी गोष्ट हिशेबाच्या पद्धतीत आहे. सरकारी जमाखर्च रोखीच्या तत्त्वावर ठेवला जातो, म्हणजे देणे ज्या वर्षी निर्माण झाले त्या वर्षी नव्हे, तर ज्या वर्षी चुकते झाले त्या वर्षी खर्ची पडते. सहाव्या वेतन आयोगाची वेतनश्रेणी 1 जानेवारी 2006 पासून देय ठरली, पण राज्याने हकीम समितीचा अहवाल घेऊन सुधारित वेतनाचे नियम काढले ते एप्रिल 2009 मध्ये. मधली तीन वर्षे, म्हणजे नेमकी शिलकीची वर्षे, जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षकांपासून मंत्रालयातील कर्मचाऱ्यांपर्यंत सर्वांचे वेतन जुन्या दराने खर्ची पडत होते, आणि फरकाची रक्कम कोणत्याही लेखाशीर्षाखाली दिसत नव्हती. एवढ्याने 14,800 कोटींचा उलगडा होत नाही हे खरे, तरी तिसऱ्या वर्षाची सुमारे 5,600 कोटींची शिल्लक या फरकासमोर ठेवली की बरीच क्षीण दिसते. जागतिक मंदीने करवसुली रोडावली आणि त्याच 2009-10 साली वाढीव वेतन, तसेच थकबाकीचा पहिला हप्ता अंगावर आला, हे आंबेगावच्या अर्थमंत्र्याचे प्राक्तन म्हणावे लागेल.



हाच क्रम पुढे पुन्हा घडला, आणि तो जास्त बोलका आहे. 2017-18 साठी तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी सुमारे 4,500 कोटींची महसुली तूट अंदाजली होती. जूनमध्ये 34,022 कोटींची शेतकरी कर्जमाफी जाहीर होऊन पावसाळी अधिवेशनात तिच्यासाठी 20,000 कोटींची पुरवणी मागणी आली, आणि सुधारित अंदाजात, म्हणजे वर्ष सरत असताना पुन्हा बांधलेल्या आकड्यांत, तूट 14,800 कोटींच्या पुढे गेली. प्रत्यक्ष हिशेब मिटला तो सुमारे 2,000 कोटींच्या शिलकीवर. कर्जमाफीच्या अर्जांची छाननी लांबून तरतूद पूर्ण वापरली गेली नव्हती, आणि वस्तू व सेवा कराच्या नव्या व्यवस्थेत 2015-16 च्या उत्पन्नावर वार्षिक 14 टक्के वाढीची हमी केंद्राने भरपाईच्या रूपाने दिली होती. 2018-19 मध्ये तर 15,375 कोटींच्या अंदाजित तुटीऐवजी जवळपास 12,000 कोटींची शिल्लक पडली. अंदाज आणि प्रत्यक्ष यांत 27,000 कोटींचे अंतर असेल, तर त्याला काटकसर म्हणण्यापेक्षा अंदाजपत्रक ढिले होते असे म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल.

या शिलकीच्या वर्षांतही वेतनाचे देणे थकलेलेच होते: सातवा वेतन आयोग देय होता 1 जानेवारी 2016 पासून. राज्यात त्याचे वेतन सुरू झाले जानेवारी 2019 पासून, आणि मधल्या तीन वर्षांच्या थकबाकीचे पाच वार्षिक हप्ते 2019-20 पासून पाडले गेले. त्या वर्षी महसुली तूट 17,000 कोटींवर पोहोचली. तिच्यामागे मंदावलेली करवसुली आणि डिसेंबर 2019 ची दुसरी कर्जमाफीही होती. भविष्य निर्वाह निधीचे खातेदार असलेल्या कर्मचाऱ्यांचा हप्ता मात्र रोख न देता त्या निधीतच जमा करायचा होता, म्हणजे महसुली खर्चात तो पडला तरी पैसा व्याजाच्या बोलीवर सरकारकडेच राहिला.