अर्ध्या तासाचा प्रयोग

बाजार गडचांदूरचा असो की शिकागोचा, भाजी चिरायची किसणी विकणारा टणक, ताजा बटाटा निवडतो आणि सगळ्यांदेखत चकत्या पाडतो. रॉन पोपील (1935–2021) हे शिकागोच्या मॅक्सवेल स्ट्रीट बाजारात शिकला आणि टीव्हीवर घेऊन गेला. अर्ध्या अर्ध्या तासाच्या जाहिरातींत काचेआड फिरणारी कोंबडी दाखवून त्यानं आपली भट्टी विकली. याला फसवणूक म्हणणं अन्यायाचं. यंत्र खरंच चालत होतं. पण असं प्रात्यक्षिक म्हणजे अर्धाच प्रयोग. बटाटा विक्रेत्याचा, तुलनेला दुसरी किसणी नाही, आणि पातं सहा महिन्यांनी बोथट होईल का, हे त्या वेळात कळतच नाही.

गडचांदूरच्याच म्हणजे आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या, नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंचा प्रयोग मात्र पुरता होता. 1983 च्या सुमारास पटेल-3 धानाच्या बांधीत त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या. ते बी वेगळं राखून, हंगामामागून हंगाम निवडत त्यांनी बारीक दाण्याचं एचएमटी धान तयार केलं. शेजाऱ्यांच्या बांधीत ते पिकलं आणि मागणी आपोआप वाढली. मग विक्रेता हवाच कशाला, असं कुणी म्हणेल. वाण दूरवर पसरलं हे खरं, पण 2018 मध्ये दादाजी गेले ते आर्थिक विवंचनेतच. ते बोलण्यात कमी पडले म्हणून असं झालं, हे मला पटत नाही. पोपीलची भट्टी घरी बनवता येत नव्हती, त्यावर पेटंटही होतं. धानाचं बी मात्र एकदा हाती आलं की कुणीही पुढच्या हंगामात पेरतो, आणि मूळ निवड करणाऱ्याला त्यातला एक पैसाही मिळत नाही.